सुकलालभाऊचा अर्धा कप

एकदा एका कापसाच्या गावात एक म्हातारा बंबवाला वारला, आणि त्याच्या शोकसभेत कोणी बोलायचे यावरून एका गुरूचे आणि त्याच्या शिष्येचे पहिल्यांदाच वाजले.

बंबवाल्याचे नाव सुकलाल. नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर उमेदीची सारी वर्षे घालवून तो निवृत्त झाला होता. गाव त्याला सुकलालभाऊ म्हणे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हते. पुतण्या शहरात राहायला बोलवी, तेव्हा हा म्हणे, "तुझ्याकडे तुला विचारून जेवावं लागेल. इथे मी मलाच विचारतो." स्वतःची भाकरी स्वतः थापी. ती कधी गोल झाली नाही. शेजारणीने गरम गोल भाकरी आणून दिली तर ती आवडीने खाई आणि वर सांगे, "तुमची छान आहे वहिनी, पण माझी माझी आहे."

एकटा राहणारा हा माणूस एकटा मात्र कधी दिसला नाही. संध्याकाळ झाली की तो बाहेर पडे. न्हाव्याच्या दुकानात पेपर, मारुतीच्या पारावर पत्ते, लग्नघर असेल तिथे आचाऱ्याच्या चुलीपाशी बैठक. कोणाच्याही दारात गेला की कडी वाजवण्याआधी दाराला उलटा हात लावी. बंबावरची ती सवय. बंद दाराआड आग आहे की नाही हे पाहताना तळवा लावत नाहीत. तळवा भाजला तर तो हात कामातून जातो आणि आतल्या माणसाला ओढायला हातच उरत नाही. पोरे त्याची नक्कल करीत, घरोघरच्या दारांना उलटे हात लावत हिंडत, आणि तो पारावर बसून हसे.

गावाने एकदा त्याचा सत्कार ठरवला. शाल आली, नारळ आला, पाहुणे येऊन बसले, पण सुकलालभाऊ आलाच नाही. शोधायला गेलेल्यांना तो पारावर पत्ते पिसताना सापडला. "डाव सोडून कसा येऊ?" तो म्हणाला. "पानं चांगली लागली होती."

अशा माणसाच्या जाण्याने गाव हळहळले. पण त्याच्या आयुष्यात एक गोष्ट अशी होती, की तिच्याबद्दल लोक खाली मान घालून बोलत.

गावात एका शेठजींची जिनिंग होती. सरकी काढून कापसाच्या गाठी बांधायचा कारखाना. फार वर्षांपूर्वी ऐन हंगामात तिथे आग लागली. यंत्राची ठिणगी ढिगात पडली, आणि बघता बघता शेडमध्ये हात दिसेना इतका धूर झाला. शेडला पुढे मोठा दरवाजा आणि मागे नाल्याकडे उघडणारे एक लहानसे पत्र्याचे दार होते. बायका पदराआड कापूस नेतात म्हणून हंगामात त्या दाराला बाहेरून साखळी घालीत. पुढे आग होती, म्हणून तीन बायका मागे धावल्या. सुकलालभाऊने नाल्यातून येऊन ती साखळी तोडली आणि तिघींना बाहेर काढले, पण फार उशीर झाला होता. त्यांच्यातली एक भागाबाई. तिची मुलगी तेव्हा मावशीच्या कडेवर होती.

चौकशी झाली. दार उष्णतेने आखडले असे ठरले. सुकलालभाऊ म्हणाला, "दार आखडलं नव्हतं. साखळी मी तोडली. माझ्या हातात होती ती." चौकशीचे साहेब म्हणाले, तुझे काम पाणी मारायचे. त्याने पाणी मारलेच, पण साखळीची गोष्ट बाजारात, चावडीवर, पारावर, जो विचारील त्याला आणि न विचारील त्यालाही तो सांगत राहिला. त्यापायी त्याला बंबाचा हेड केले नाही. "बरंच झालं," तो म्हणाला. "हेडला पुढे बसावं लागतं. मला मागे लटकायला आवडतं."

आणि हाच माणूस निवृत्त झाला तेव्हा त्याच शेठजींकडे चहाला जाऊ लागला.

जिनिंग पुन्हा उभी राहिली होती, त्याच जागी. रोजच्या फेरीतला त्याचा शेवटचा मुक्काम तिथे असे. शेठजी चहा सांगत. दोघे हवापाण्याच्या, लग्नकार्याच्या गोष्टी करीत, खदखदून हसत. अर्धा कप झाला की सुकलालभाऊ उठे, "जाऊन येतो" म्हणे, शेडमधून मागे जाई, थोड्या वेळाने परत येई, गार झालेला उरलेला चहा पिई आणि घरी जाई. साखळीची गोष्ट त्याने पुन्हा तोंडातून काढली नाही. गावातले टवाळ म्हणत, "शेठनं एवढी मोठी आग विझवली, अन् तीसुद्धा कपबशीनं."

भागाबाईची मुलगी आता मोठी होऊन गावच्या शाळेत शिकवत होती. लहानपणी तिला सुकलालभाऊचा फार लळा होता, कारण तिच्या आईला शेवटचे उचलणारे हात त्याचे होते. पण एका संध्याकाळी शाळेतून येताना तिने त्याला शेठजींच्या ओसरीवर बशीत चहा ओतताना पाहिले. दोघे कशाला तरी हसत होते. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. तो मात्र रोज वाटेत भेटे आणि विचारी, "काय मास्तरीणबाई, खडू पुरले का आज?" ती पुढे निघून जाई. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारी.

ही मुलगी एका वृद्ध सत्पुरुषाची शिष्या होती. लोक त्यांना आप्पा म्हणत. राममंदिराच्या ओट्यावर ते ग्रंथ वाचून त्याचा अर्थ सांगत, आणि समजायला सर्वांत कठीण भाग याच मुलीला विचारत. सुकलालभाऊची शोकसभा ठरली तेव्हा आप्पा तिला म्हणाले, "तू चांगलं बोलतेस. त्या दिवशी तू बोल."

ती म्हणाली, "आप्पा, सभा कुठे आहे ठाऊक आहे ना?"

"जिनिंगमध्ये. शेठनी जागा दिली आहे."

"माझी आई मेली त्या शेडमध्ये उभी राहून, तिला मारणाऱ्याच्या घरचा चहा पिणाऱ्या माणसाचं कौतुक करू मी?"

आप्पा म्हणाले, "त्याच्याबद्दल तुला काय वाटतं तेच बोल."

"माणूस विकला गेला, असं वाटतं मला. तेही चहावर. पैसे घेतले असते तर निदान त्याची काही किंमत तरी होती म्हणाले असते."

"पोरी, जीभ फार धारदार झाली तुझी."

"तुम्हीच लावलीत धार."

यावर म्हातारा जरासा हसला. "बरं, बोलू नकोस. पण ये. अगदी मागे बस, पत्र्याच्या दाराजवळ. एवढं माझ्यासाठी कर."

ती आली, ती केवळ आप्पांचा शब्द मोडवत नव्हता म्हणून.

हंगाम चालू होता. सभेसाठी यंत्रे तासभर थांबवली होती. शेडमध्ये कापसाचे ढीग बाजूला सारून सतरंज्या घातल्या होत्या, पुढे सुकलालभाऊचा हार घातलेला फोटो होता. कामाच्या बायका डोक्याला फडकी बांधलेल्या तशाच एका अंगाला बसल्या होत्या. शिष्या सर्वांच्या मागे, पत्र्याच्या दाराला जवळजवळ टेकून बसली. इतक्या वर्षांत ती या शेडमध्ये पहिल्यांदा आली होती.

एकेक जण बोलला. न्हावी म्हणाला, भाऊ पेपर मोठ्याने वाचायचा आणि बातमी आवडली नाही तर मधेच बदलायचा. पत्त्यांतला एक जोडीदार म्हणाला, तो लबाडी करायचा, पण इतकी उघड की राग यायचा नाही. लोक हसले, आणि हसता हसता काहींनी डोळे पुसले. मग शेठजी उठले. तेही आता म्हातारे झाले होते, काठी टेकत उभे राहिले.

"सुकलाल माझा मित्र," ते म्हणाले. "लोक काय काय म्हणतात. पण त्याच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हतं. असतं तर रोज आला असता का? अर्धा चहा झाला की उठायचा, म्हणायचा, जाऊन येतो. मी चेष्टा करायचो, सुकलाल, म्हातारपण आलं, तुला आता अर्धा कपसुद्धा धरवत नाही."

सभेत पुन्हा हशा झाला. शिष्येने मान खाली घातली.

तेवढ्यात आप्पा पुढच्या रांगेतून उठले. "शेठ, तुम्ही बोला," ते म्हणाले. "मीही जरा जाऊन येतो."

सभेतून कोणी असे मधूनच उठून जात नाही, आणि आप्पांसारखा माणूस तर नाहीच. लोकांना ते विचित्र वाटले. कोणी तरी दबक्या आवाजात म्हणाले, "आप्पांचंही वय झालं." शेठजी ओशाळून हसले आणि थांबले. आप्पा हळूहळू सतरंज्यांच्या कडेने, ढिगांना वळसा घालून, मागपर्यंत चालत आले. पत्र्याच्या दारापाशी उभे राहिले. दाराला त्यांनी उलटा हात लावला, सुकलालभाऊ लावी तसा. मग खांद्याने दार ढकलले.

दार बोटभर हलले, आणि पलीकडे साखळी वाजली.

आवाज मोठा नव्हता. पण यंत्रे बंद होती आणि सगळे आप्पांकडेच पाहत होते, म्हणून तो सर्वांना ऐकू गेला. सर्वांत जवळून ऐकला तो शिष्येने. आपल्या आईच्या कानांवर अखेरचा पडलेला आवाज हाच असेल, हे तिच्या मनात आले.

आप्पांनी दार पुन्हा ढकलले. साखळी पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा त्यांनी ढकलले नाही. ते तिथेच एका कापसाच्या बाचक्यावर बसले.

"ही साखळी केव्हा लागली?" त्यांनी विचारले.

कामाच्या बायकांतली एक म्हातारी म्हणाली, "भाऊ दवाखान्यात गेले ना, त्याच हप्त्यात."

शेठजींचा चेहरा पडला. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "मुकादमानं घातली असेल."

मुकादम भिंतीशी उभा होता. तो म्हणाला, "शेठ, तुम्हीच म्हणालात. हंगाम आहे, लक्ष ठेवा म्हणालात."

"लक्ष ठेवा म्हणालो. साखळी कुठे म्हणालो?"

"आधी घालायचो तेव्हाही तुम्ही एवढंच म्हणायचात शेठ."

वर पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याचे पाय ऐकू येत होते.

मग आप्पा बोलले. त्यांचा आवाज व्याख्यानाचा नव्हता. समोरच्या माणसाशी बोलावे तसे ते बोलत होते, पण सगळी सभा ऐकत होती.

"लाकडाची आग विझली की विझते. कापसाची तशी नाही. गाठीवर पाणी मारलं की ती वरून काळी पडते, हाताला गार लागते. आत आग चालतच असते, ज्वाला नाही, धूर नाही. चार दिवसांनी, सगळे घरी गेल्यावर, ती गाठ पुन्हा पेटते. म्हणून कापसाच्या आगीला बंबवाले एक माणूस मागे ठेवून जातात. त्यानं नुसतं बसायचं, गाठींना हात लावत राहायचं. त्या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही. सुकलाल ते काम नेहमी मागून घ्यायचा. मला तो एकदा म्हणाला, आप्पा, विझवणारे पुष्कळ आहेत, बसणारा मिळत नाही.

"शेठ, तुमच्याकडे तो चहाला येत होता, हे खरं. तुमच्याशी हसायला त्याला आवडायचं, हेही खरं. मनात नसलेलं हसणं त्याला जमत नव्हतं. पण अर्धा कप झाल्यावर तो उठून कुठे जायचा, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. आग लागली तेव्हा तुम्ही दुष्ट नव्हतात, आजही नाही. तुम्ही विसरलात. आपण सगळे विसरतो, मीही त्यात आलो. तीन बाया गेल्या तेव्हा सारं गाव या दारापाशी रडलं होतं. नंतर इथे रोज यायला कोणाला वेळ होता? एकाला होता. तो तीन आठवडे दवाखान्यात पडला, आणि साखळी आपल्या जागी परत आली."

आप्पांचे बोलणे एवढेच. शेठजी काठीवर भार देऊन उभे होते. त्यांनी मुकादमाकडे पाहिले, आणि मुकादम पुढच्या दरवाजाने बाहेर पडून नाल्याच्या बाजूने वळसा घालून गेला. साखळी निघाल्याचा आवाज आला. दार उघडले आणि मावळतीचा उजेड आत पडला. कोणी सांगितले नव्हते, तरी कामाच्या बायका उठल्या आणि एकेक करून त्या दाराने बाहेर जाऊ लागल्या. ती म्हातारी बाहेर जाताना चौकटीला हात लावून क्षणभर थांबली. भागाबाई तिच्या जोडीची होती. शेठजींचे भाषण अर्धेच राहिले. फोटोपुढची उदबत्ती आपोआप जळून संपली.

घरी जाताना शिष्या बराच वेळ आप्पांच्या मागून चालत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी मला कधी सांगितलं का नाही?"

"मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, पोरीला सांगितलं तर ती त्याच पावली जाऊन शेठशी भांडेल. मग शेठ मला ओसरीवर चढू देणार नाही. मग दार कोण बघणार?"

"भांडलेच असते मी."

"हो."

"रोज विचारायचे, खडू पुरले का. मी एकदाही बोलले नाही आप्पा."

म्हाताऱ्याने तिची समजूत घातली नाही. तो म्हणाला, "नाही बोललीस. ते आता तसंच राहणार. तोही ते धरून चालला होता. गावात नाव राखायचं की दार उघडं राखायचं, यातलं एकच त्याला जमणार होतं."

"तुम्हाला कसं कळलं साखळी पुन्हा घातली असेल?"

"कळलं नव्हतं. भीती होती. खोटी ठरावी अशी फार इच्छा होती." काही पावले चालून ते पुन्हा म्हणाले, "आज काढली आहे. आज सगळ्यांनी पाहिलं, म्हणून काढली आहे."

मंदिरापाशी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

त्या रात्री ती जेवली नाही. शेठजींच्या तोंडाकडे पाहणेही तिला आजवर जमले नव्हते. त्यांची गाडी दिसली की ती गल्ली बदलत असे. मावशीने तिला तसेच वाढवले होते, आणि आईचे म्हणून तिच्याजवळ जे काही उरले होते, ते म्हणजे हा रागच होता. तो खाली ठेवला तर आईचे काहीच राहणार नाही, असे तिला वाटे. पण साखळीचा आवाज तिच्या कानांतून जाईना. त्या शेडमध्ये उद्याही बायका येणार होत्या, आणि त्यांच्या मुली कुणाच्या तरी कडेवर असणार होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घराकडे वळली नाही. जिनिंगच्या ओसरीपर्यंत चालत गेली आणि पायरीपाशी थांबली. शेठजी खुर्चीत बसले होते. समोरची दुसरी खुर्ची रिकामी होती. तिला पाहून ते उठू लागले, त्यांना उठवेना, तसेच बसले.

"काय पाहिजे पोरी?" त्यांनी विचारले. ती भांडायला आली आहे असे त्यांना वाटले असावे, आणि ते ऐकून घ्यायची त्यांनी मनाची तयारीही केली असावी.

ती पायऱ्या चढली आणि रिकाम्या खुर्चीत बसली.

"चहा सांगा," ती म्हणाली.

चहा आला. आत यंत्रे चालू होती, कापसाचे तंतू उजेडात तरंगत होते. शेठजी एकदा म्हणाले, "साखर बरोबर आहे ना?" ती म्हणाली, "जास्त आहे." तरी ती पीत राहिली. अर्धा कप झाल्यावर तिने तो खाली ठेवला.

"जाऊन येते," ती म्हणाली.

शेठजींनी मान हलवली. ती शेडमधून, यंत्रांच्या आवाजातून, बायकांच्या नजरांतून मागपर्यंत गेली. पत्र्याच्या दाराला तिने उलटा हात लावला, मग ढकलले. ते उघडले. पलीकडे नाला होता, बाभळी होत्या, आणि चौकटीला साखळीची रिकामी कडी लटकत होती. ती थोडा वेळ तिथे उभी राहिली.

परत येऊन तिने उरलेला गार चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि उठली.

"उद्या येते," ती म्हणाली.